फरशीखालचा सांधा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळायचा. गोंदियात माझ्या माहेरी नळ गळला की बाबा फोन करायचे आणि कोणीतरी पाना घेऊन यायचं. मी इथंही तेच सुचवलं. सासूबाई भात पसवत होत्या. त्या हसल्या.

"कोहळ्याच्या घरी पान्यासाठी मानूस बोलवाचा? लोकं तोंडात शेन घालतीन, बाई."

सडक अर्जुनीवरून आत आमचं गाव. वारा असला की हायवेवरचे ट्रक ऐकू येतात, एवढंच अंतर. सासरचे कोहळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारे; गावचा तलाव सासऱ्यांच्या पूर्वजांनी बांधला असं सगळे सांगतात. सासऱ्यांचं नाव उदाराम, मी त्यांना मामाजी म्हणते. तलावातून शेतांना पाणी सोडायचं जे तोंड, त्याला इकडे तुडूम म्हणतात. ते दरवर्षी अश्विनात मामाजींच्या हातानंच उघडतं. तलावाची पार, म्हणजे बांध, कुठं झिरपायला लागली तरी लोक त्यांनाच बोलावतात. मी एकदा बघायला गेले होते. मामाजींनी मूठभर धानाचा कोंडा पाण्यावर सोडला आणि पारीवर उकिडवे बसून राहिले. कोंडा इकडेतिकडे तरंगत एका जागी गोल फिरायला लागला आणि आत ओढला गेला. भोक तिथं होतं. मग बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, तळातली चिकण माती पायांनी तुडवून, तरटात गुंडाळून त्यांनी त्या जागी दाबली. पाण्याच्या जोरानंच ती आत घुसते, भिजून फुगते आणि झिरपणं थांबतं.

"पानी आपलं भोक आपनच बुजवते," ते म्हणाले. "आपन फक्त माती द्याची."

मी बी.एस्सी. केलंय, पण असं काही मला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून घरात पाण्याचं काही निघालं की मी मामाजींच्याच तोंडाकडे बघायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई देवकाबाई, मागच्या थंडीत अंगणात पडल्या. संडास घरामागे, वाटेवर शेवाळ. खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसायचं नाही. कमोड लागेल, तोही घरात.

घर जुनं आहे. कौलं काढून स्लॅब टाकला तेवढाच काय तो बदल. स्वयंपाकघराला लागून एक न्हाणी होती, शहाबादी फरशी, कोपऱ्यात रांजण. तिचंच बाथरूम करायचं ठरलं. माझा नवरा गजेंद्र सडक अर्जुनीला एका राइस मिलच्या ऑफिसात आहे. तो सुटीच्या दिवशी करू म्हणाला, मामाजी म्हणाले मी रोज करतो.

आणि त्यांनी केलंही. फरशा उचकटल्या, नाली खणली. उतार बरोबर आहे का हे बघायला त्यांनी कुठलंही साधन वापरलं नाही. लोटाभर पाणी ओतायचं आणि मान वाकडी करून ते कसं जातं बघायचं. टिंकू माझ्या कडेवरून तसंच मान वाकडी करून बघायचा. टिंकू म्हणजे माझा मुलगा, हिमांशु. तेव्हा तो नुकता दोन वर्षांचा झाला होता.

खणताना सब्बल, म्हणजे पहार, जुन्या लोखंडी पाइपवर बसली. गावच्या नळयोजनेची आमच्या घरात येणारी लाइन नेमकी न्हाणीखालून गेलेली. पाइप सडलेलाच होता, चिरला. मामाजींनी तेवढा तुकडा कापून काढला आणि मध्ये प्लास्टिकचा पाइप बसवला. पण लोखंड आणि प्लास्टिक जोडायला वेगळा सांधा मिळतो, तो हवा होता.

"मी आणतो येताना," गजेंद्र म्हणाला.

तो विसरला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी मिलमध्ये धान उतरत होतं. इकडे आत्याबाई खाटेवर. त्यांचं भांडं मी उचलायची तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करायच्या आणि पदर तोंडात धरायच्या. ते मामाजींना दिसत होतं. एका संध्याकाळी ते बोडीवर गेले आणि घमेलंभर काळी माती घेऊन आले.

दोन्ही सांधे त्यांनी त्या मातीनंच बांधले. नळाच्या लाइनचा तो सांधा, आणि त्याच्या खालून जाणाऱ्या संडासाच्या पाइपचा. आधी तरट, मग माती, मग वरून तार.

"मामाजी, दोन्ही एकाच नालीत ठेवायचे?" मी विचारलं.

"काऊन, भांडतीन का?" ते हसले. "पाट एक असला तं का झालं, बाई? पानी आपापल्या वाटेनं जाते."

त्यांनी नळ सुरू केला, सांध्याखाली कोरडा पेपर अंथरला आणि दिवसभर ठेवला. संध्याकाळी पेपर मला दाखवला. कोरडा ठणठणीत होता. टिंकूनं तो फाडला.

होळीच्या आधी फरशी बसली. गजेंद्रनं हिरव्या रंगाची, पाय न घसरणारी टाइल निवडली होती. नळाला पाणी बारीक यायचं, ते छतावरच्या टाकीत चढेना, म्हणून त्यानं लाइनवर छोटी मोटर बसवली. गावात अर्ध्या घरी तशीच आहे. सकाळी नळ आला की मोटर लावायची, टाकी भरायची, मग दिवसभर कमोडला, स्वयंपाकघरात आणि घरामागच्या नळालाही पाणी.

आत्याबाई पहिल्यांदा एकट्या आत गेल्या त्या किती वेळ बाहेरच येईनात. मामाजी दारापाशी घुटमळले.

"झोपली का वो अंदर?"

"महारानी झाली मी," आतून आवाज आला. "तुमी बाहेरच राहा."

त्या दिवशी घरात सगळे हसले. मला ते आठवतं, कारण नंतर तसं काही झालं नाही.

टिंकूला उन्हाळ्यात जुलाब सुरू झाले. लहान मुलांना होतात. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, औषध दिलं, थांबले. आठवडाभरानं पुन्हा सुरू. मग ताप. मग त्यानं खाणं सोडलं. त्याच्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी सैल झाली, मी दोऱ्याची गाठ पुढं पुढं सरकवत गेले.

मी पाणी उकळायला लागले. गाळून, उकळून, झाकून, त्याचं वेगळं. आत्याबाईंना ते आवडलं नाही.

"उकळून उकळून त्या पान्यात जीव तं राह्यते का? त्यानंच कमजोर झालं पोट्टं. गजेंद्र काय उकळलेलं पिऊन मोठा झाला?"

पण उकळूनही फरक पडेना. मी त्याच्या मागे मागे राहायला लागले. काय तोंडात घालतो, कुठं हात लावतो. आणि मला दिसलं ते हे. मामाजी शेतातून आले की मागच्या नळावर हातपाय धुतात. टिंकू पळत जातो. मामाजी ओंजळ भरून धरतात आणि तो त्यांच्या ओंजळीत तोंड घालून वासरासारखा पितो. रोज. "आबाजी, अजून," म्हणतो. मामाजी अजून भरतात. नाकावर, गळ्यावर पाणी ओघळतं, दोघं हसतात.

मी म्हटलं, "मामाजी, त्याला उकळलेलंच द्यायचंय."

"अवो, एक घोट तं देल्ला," ते म्हणाले, जरा दुखावूनच. "माह्या हातचंच तं पेते."

मी गजेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "बाबाचं तेवढंच एक आहे, राहू दे ना."

श्रावणात टिंकूचे डोळे पिवळे झाले. गोंदियाच्या दवाखान्यात सलाइन लावायला त्याची शीर सापडेना. त्याला धरून ठेवायचं काम माझं होतं. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलंय, मोठ्यांना पचतं ते लहानांना पचत नाही, घरचं पाणी बघा. मी म्हटलं, उकळतो. ते म्हणाले, मग अजून कुठून तरी जातंय.

सुटी झाल्यावर मी त्याला माहेरी नेलं. तिथं तो वरण-भात खायला लागला. मुठीनं माझे केस ओढायला लागला. आई तिच्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाली, "और रुक जा, क्या जल्दी है?" मी राहिले. मग गजेंद्र न्यायला आला, आत्याबाईंचं कोणी करत नाही म्हणाला, ते खरंच होतं.

परत आलो आणि त्याच आठवड्यात टिंकूचं पोट पुन्हा बिघडलं.

तेव्हा मी टाकीत पडणारं पाणी धरलं. मोटर लावल्याबरोबर जे पहिलं येतं ते. काचेच्या बरणीत भरून कपाटावर ठेवलं आणि दिवसभर हात लावला नाही. पाणी वर स्वच्छ दिसत होतं. तळाशी करडा साका बसला होता, लोण्यासारखा मऊ. आमच्या नळाला कधीकधी लालसर रेती येते, ती मला माहीत होती. ही रेती नव्हती. मी पाणी ओतून दिलं, साका बोटांत घेतला. चिकट. मागच्या भिंतीशी मामाजींचं घमेलं पालथं पडलेलं होतं. त्याच्या कडेला उन्हाळाभर वाळलेली माती होती. तिच्यावर थेंबभर पाणी टाकून दुसऱ्या हाताच्या बोटांत घेतली.

दोन्ही हातांतली माती एकच होती.

बोडीची माती नळाच्या पाण्यात यायला एकच जागा होती. ती हिरव्या टाइलखाली होती.

गजेंद्र आल्यावर त्याला सांगितलं. तो बूट काढत होता, तसाच थांबला.

"बाबाले नको सांगू."

"मग?"

"मी पाहतो काहीतरी. सांधा मी आणणार होतो ना," तो म्हणाला. मग आवाज बारीक करून, "आईचं आत्ता कुठं जरा बरं होऊन राहिलं. फरशी फोडाची मनतेस तू?"

"टिंकूचं?"

तो बुटाची नाडी सोडवत राहिला, ती सुटलेलीच होती.

सकाळी मामाजी अंगणात दोर वळत बसले होते. टिंकू त्यांच्या गुडघ्याला टेकून, मलूल. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवली. पुन्हा भरून ठेवलेली, तळाशी साका.

"मामाजी, ही माती ओळखता?"

त्यांनी बरणी उचलली. उन्हात धरली. बोट घातलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला. ते लगेच ओळखतील हे मला माहीत होतं.

"कुठली होय?"

"मोटरीच्या पाण्यातली."

"नाई," ते म्हणाले. "मी पेपर ठेवून पाह्यला होता. थेंब नाई पडला. तू होती ना?"

"बाहेर थेंब नाही पडत, मामाजी. आत येते. मोटर पाणी ओढते ना, तेव्हा सांध्यातून बाहेरचंही ओढते. माती ओढते. आणि मातीच्या खाली..." पुढचं मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. खाली संडासाचा पाइप होता.

खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "काय बोलून राहिली वो ही? सासऱ्यानं घान पाजली मनते का नातवाले?"

"तू चूप राह्य," मामाजी म्हणाले. रागानं नाही. ते बरणीकडेच बघत होते. तलावाच्या पारीवर बसतात तसे, उकिडवे. मग हळूच म्हणाले, "पारीत पानी एकाच अंगानं दाबते. बाहेर. अंदर ओढनारं काही नसते तलावाले."

"हो, मामाजी."

ते उठले. "कोंडा सोडून पाहू."

पाइपात कोंडा कसा सोडणार, म्हणून त्यांनी कपड्यांची नीळ मागितली. घराबाहेर संडासाच्या पाइपचं चेंबर आहे. त्याच्या पुढच्या तोंडात त्यांनी पोतं कोंबलं, म्हणजे पाणी पुढं जाणार नाही, पाइपात तुंबून राहील. नीळ बादलीत कालवली आणि कमोडमध्ये ओतली, एकापाठोपाठ एक बादल्या. मी थांबा म्हणेपर्यंत ते ओतत होते, आणि मी थांबा म्हणत नव्हते. मग मोटरीचा वर जाणारा पाइप सोडवून त्यांनी त्याखाली ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला. टाकीत पडण्याआधीचं पाणी त्यात पडणार होतं.

"लाव," ते म्हणाले.

गजेंद्र कामावर जायला निघाला होता, दाराशी उभा राहिला. मी बटण दाबलं.

पाणी स्वच्छ आलं. गंज भरला, ओतला. पुन्हा भरला. आत्याबाई म्हणाल्या, "पाह्यलं?" मामाजींनी हातानंच त्यांना थांबवलं. माझ्या मनात आलं, नसू दे. खरंच आलं. माझंच चुकलेलं असू दे, आजारपण दुसरीकडून कुठून तरी आलेलं असू दे, मी ते शोधत बसेन. मोटर घरघरत होती. टिंकू भिंतीला टेकून बसला होता, एरवी तो गंजात हात घालायला धावला असता.

मग गंजातल्या पाण्याला रंग चढला. फार नाही. शाळेचा पांढरा शर्ट धुऊन निघतो तेवढा, आकाशी. आधी मला वाटलं वरच्या आभाळाचंच आहे.

मामाजींनी खाली वाकून बघितलं. त्यांनी हात घातला, ओंजळ भरली आणि उचलली. ओंजळीतही ते निळसरच होतं. ते त्या ओंजळीकडे बघत राहिले. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं तरी हात तसेच होते.

"बाबा, सांधा मी आणला असता तं..." गजेंद्र म्हणाला.

"मोटर बंद कर," मामाजी म्हणाले.

त्यांनी सब्बल आणली आणि स्वतःच फरशी फोडायला घेतली. गजेंद्र मदतीला गेला तर त्याला सरकवलं. हिरव्या टाइलचे तुकडे दारापर्यंत उडत होते. आत्याबाई खाटेवर बसून रडत होत्या, मोठ्यानं नाही. त्या फरशीसाठी रडत होत्या की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. नाली उघडी पडली तेव्हा मीही डोकावले. तरट कुजून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. वरच्या सांध्यावर मातीचा लाडू अजून होता, बाहेरून गुळगुळीत, जसा त्यांनी बांधला तसा. फक्त एका बाजूनं आतपर्यंत पोखरलेला, उंदराच्या बिळासारखा. खालच्या पाइपचा सांधा सुटला होता आणि दोन्हींच्या मधली माती काळी, ओली, वास मारणारी.

मामाजींनी तो लाडू हातांनी काढला. परसात नेऊन ठेवला. फेकला नाही.

सडक अर्जुनीवरून प्लंबर आला. मोटर काढली. नळाची नवी लाइन भिंतीवरून मागच्या नळापर्यंत नेली, उघडी, दिसेल अशी. प्लंबर भिंतीला क्लॅम्प मारताना शिट्टी वाजवत होता. मामाजी त्या वेळी घरात नव्हते. आता सकाळ-संध्याकाळ नळाचं बारीक पाणी मीच खाली गुंड-घागरींमध्ये भरते आणि ते आम्ही बादलीनं वापरतो. न्हाणीची फरशी अजून तशीच आहे. नाली बुजवली, वर नुसतं सिमेंट फासलंय, खडबडीत. आत्याबाईंचा पाय तिथं ठरत नाही. त्यांना मी धरून नेते. त्या आता भिंतीकडे तोंड करत नाहीत, माझ्याकडेही बघत नाहीत.

टिंकू बरा होतोय. डॉक्टर म्हणतात यकृत लहान मुलांचं लवकर सुधारतं. त्याचं वजन अजून भरलेलं नाही. रात्री मी त्याच्या पोटावर हात ठेवून झोपते. कोणी मला चूक म्हणत नाही. गजेंद्र तर म्हणतो तू होतीस म्हणून. तरी घरात मी कुठल्या खोलीत गेले की तिथलं बोलणं थांबतं, किंवा मला तसं वाटतं.

अश्विनात यादोराव आले. तलाव समितीचे, मामाजींचे जुने सोबती. धान पोटरीत आलं होतं, वरून पाऊस नव्हता, शेतं पाण्यासाठी थांबली होती.

"उदारामभाऊ, कवा उघडता तुडूम? लोकं वाट पाहून राहिले."

"गजेंद्रले न्या," मामाजी म्हणाले.

"त्याले काय समजते? राइस मिलमधला बाबू तो."

"मंग तुमीच उघडा."

यादोराव हसले. थट्टा वाटली त्यांना. "मंग आमी कोहळ्याले कायले ठेवलं गावात?"

मामाजी हसले नाहीत. ते दोर वळत राहिले. यादोराव जरा वेळ बसले, माझ्या हातचा चहा पिऊन निघून गेले. तुडूम त्या वर्षी कोणीतरी उघडलं. पाणी आमच्या धानाच्या बांधीतही आलं. मामाजी बघायला गेले नाहीत.

त्याच संध्याकाळी ते मागच्या नळावर हातपाय धूत होते. टिंकू आजारपणानंतर पहिल्यांदाच पळत गेला. पाय अजून बारीक, पळताना एकदा अडखळला. त्यांच्यासमोर उभं राहून त्यानं मान वर केली.

"आबाजी, पानी."

मामाजींचे हात नळाखाली होते. ओंजळ आपोआप झाली, मी पाहिलं. मग त्यांनी ती सोडून दिली आणि हात धोतराला पुसले.

"आईजवळ माग, बापू."

"तुमच्या हातचं."

"नाई. आईच्या हातचं पे."

मी दारातच होते. नवी लाइन होती, मोटर नव्हती, पाणी तपासूनही आणलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की द्या, मामाजी, आता काही होत नाही. मी पुढे गेले. नळ उघडाच होता. बोलण्याआधी मी त्याखाली हात धरला आणि तो नाकाशी नेला.

मामाजींनी ते पाहिलं. त्यांनी नळ बंद केला आणि टिंकूच्या डोक्यावरून कोरडा हात फिरवून ते आत गेले.